रात्री काही न खाताही सकाळी १४२

माझ्या मधुमेहाचा पहिला संशय डॉक्टरांना नाही, फिजिओथेरपिस्टला आला. डावा खांदा काही महिने धरला होता. आधी त्या कुशीवर झोपलं की ठणका लागायचा, मग हळूहळू हात मागे जाईचना. पाठीमागचं हुक लावणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं, गाडीत मागच्या सीटवरची पिशवी ओढून घेणं, सगळं उजव्या हातावर आलं. एक्स-रे स्वच्छ होता. फिजिओथेरपिस्टने हात धरून वेगवेगळ्या दिशांना फिरवून पाहिला, तो कुठे अडतो ते बघितलं आणि विचारलं, “शुगर कधी तपासली होतीत?”

खांद्याचा आणि साखरेचा काय संबंध, असं मी विचारलंच. तिने सांगितलं की मधुमेह असलेल्यांमध्ये असा जखडलेला खांदा इतरांपेक्षा बराच जास्त दिसतो. रक्तात साखर जास्त राहिली की ती प्रथिनांना चिकटत जाते. सांध्याभोवतीचं आवरण कोलॅजनचं असतं, ते त्यामुळे जाड आणि ताठर होत असावं. कधी कधी मधुमेहाचं निदान व्हायच्या आधी खांदाच बोलतो. “नसेलही काही,” ती म्हणाली, “पण तपासून घ्या.”

मी तेव्हा ४६ वर्षांची. तहान जास्त नव्हती, रात्री उठावं लागत नव्हतं, वजन घटलं नव्हतं. मधुमेहाची म्हणून जी लक्षणं आपण ऐकलेली असतात त्यातलं एकही नाही. आता त्याचं कारण कळतं. मूत्रपिंडं रक्तातली साखर गाळून पुन्हा आत घेत असतात. रक्तातलं प्रमाण डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेलं की त्यांना ते झेपत नाही, मग साखर लघवीत उतरते, सोबत पाणी ओढून नेते आणि तहान लागते. त्या आकड्याच्या खाली माणूस वर्षानुवर्षं वावरू शकतो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

माझी उपाशीपोटीची साखर आली १४८. जेवणानंतर दोन तासांची २२१. एचबीए१सी ७.९. पहिले दोन आकडे त्या त्या क्षणाचे. तिसरा मात्र गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, कारण तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला तेवढ्या काळात किती साखर चिकटली हे त्यात मोजलं जातं. उपाशीपोटी १२६ किंवा त्यावर आणि एचबीए१सी ६.५ किंवा त्यावर म्हणजे मधुमेह. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्याने दुजोरा लागतो. माझे दोन्ही आकडे एकाच दिवशीच्या रक्तात हद्दीपलीकडे होते, त्यामुळे पुन्हा सुई टोचायची गरज उरली नाही. डॉक्टरांनी त्याच कागदावर आधी हिमोग्लोबिन पाहिलं. मला वाटलं, सवयीने पाहताहेत. तर म्हणाल्या, रक्तक्षय असेल, रक्तस्राव झाला असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर एचबीए१सी फसवतो. माझ्या बाबतीत फसवत नव्हता.

त्यांचा पुढचा प्रश्न मला अनपेक्षित होता. “गरोदरपणात शुगर वाढली होती का?”

वाढली होती. मुलगी आता १७ वर्षांची आहे. तेव्हा शेवटचे काही महिने मला पथ्य दिलं होतं, बोटं टोचून घेतली होती, आणि बाळंतपणानंतर साखर आपोआप जागेवर आल्यावर सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून फाइल मिटली होती. गरोदरपणात वारेतून येणारी संप्रेरकं इन्सुलिनचा परिणाम कमी करतात, त्यामुळे स्वादुपिंडाला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट इन्सुलिन बनवावं लागतं. बहुतेकींचं स्वादुपिंड ते निभावतं, माझं कमी पडलं. म्हणजे त्याची राखीव ताकद किती आहे, हे तेव्हाच दिसलं होतं. अशा बायकांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता कित्येक पटींनी जास्त असते. म्हणून बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी तपासणी करायची असते. हे मला त्या रुग्णालयात कुणी सांगितलं नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावरही नव्हतं, मी मुद्दाम कागद काढून पाहिला. अजूनही या गोष्टीचा राग येतो. म्हणून हे वाचणाऱ्या ज्या कुणाची गरोदरपणात साखर वाढली होती, तिने एवढा परिच्छेद तरी मनावर घ्यावा.

निदान झाल्यावर लोक काय बोलतात त्याचाही एक नमुना असतो. “इतकं गोड खायचीस?” “टेन्शन फार घेतेस तू.” “वजन तर काही एवढं नाही!” हे शेवटचं जरा तक्रारीच्या सुरात, जणू मी नियम मोडून आजारी पडले. कडू रस सांगणारे भेटले, गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही असं सांगणारे भेटले. आईला वीस वर्षं मधुमेह होता. तिलाही लोक हेच विचारायचे आणि ती बिचारी खाल्लेल्या प्रत्येक गोड घासाचा हिशेब देत बसायची. मला तो हिशेब नको होता. मला कारण हवं होतं.

डॉक्टरांनी ते लॅबच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला काढून दाखवलं. डावीकडे लिव्हर, उजवीकडे स्नायू, खाली स्वादुपिंड. चित्र इतकं वाईट होतं की लिव्हर आणि स्नायू यांत फरक कळेना, म्हणून त्यांनी नावं लिहिली. जेवणातली साखर रक्तात आली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिन दोन कामं करतं. स्नायूंना साखर आत घ्यायला लावतं आणि लिव्हरला सांगतं, तुझं साखर सोडणं आता थांबव. हे दुसरं काम मी कधी ऐकलंच नव्हतं. लिव्हर दिवसरात्र रक्तात साखर सोडत असतं, कारण मेंदूला ती सतत लागते आणि आपण काही सतत खात नाही. माझ्यासारख्यांच्या शरीरात स्नायू इन्सुलिनचं ऐकेनासे होतात आणि लिव्हरही. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतून काही वर्षं भरपाई करतं, तोवर रिपोर्ट चांगले येतात. मग त्यातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी थकतात आणि आकडा चढू लागतो. इन्सुलिनला दाद देणारा आणि न देणारा असे मधुमेहाचे दोन प्रकार असतात, हे ब्रिटनमधल्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ सालीच मांडलं होतं.

पण ते ऐकेनासे का होतात? इथे चरबीचा संबंध येतो, आणि ती किती आहे याहून कुठे आहे याला जास्त महत्त्व आहे. त्वचेखाली चरबी साठवायची प्रत्येकाची जागा वेगळी असते, तिचं माप बरंचसं जन्मतः ठरलेलं. कपाट भरलं की सामान जसं खुर्चीवर, पलंगावर येऊन पडतं, तशी ही चरबी जागा संपली की लिव्हरमध्ये आणि स्वादुपिंडात जाऊन बसते. कुणाचं कपाट मोठं, तो वजनदार असूनही साखर ठाकठीक. कुणाचं इवलंसं, त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३-२४ असताना लिव्हरवर चरबी. माझी सोनोग्राफी केली तेव्हा फॅटी लिव्हर निघालं. बीएमआय होता २४.८.

दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत हे विशेष दिसतं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात भारतातले चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले जॉन युडकिन या दोन संशोधकांनी स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. डॉक्टरांनी तो फोटो मोबाइलवर दाखवला. दोघेही सडपातळ, शेजारी शेजारी उभे. “वजन तर काही एवढं नाही” म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी पुढे तो दाखवत सुटले.

बाकी कारणं होतीच. आईकडून आलेली जनुकं, आणि तीही एखाद-दुसरं नाही. थोडी थोडी जोखीम वाढवणारे शेकडो बदल सापडले आहेत. वाढतं वय, बैठं काम, कमी झोप. गोड खाणं या यादीत येतं ते जास्तीच्या उष्मांकांतून, त्या उष्मांकांतून साठणाऱ्या चरबीतून. साखर खाल्ली म्हणून ती थेट रक्तात वाढून बसली, इतका सरळ मामला नाही.

औषध सुरू करण्याआधी एक गाठ सोडवायची होती. प्रौढ वयात सुरू होणारा प्रत्येक मधुमेह टाइप २, म्हणजे इन्सुलिनला दाद न देणारा, असतो असं नाही. काहींमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशींवर उलटते, अगदी टाइप १ मधुमेहासारखी, फक्त संथपणे. सुरुवातीला गोळ्या लागू पडतात, मग पडेनाशा होतात आणि तोवर रुग्ण पथ्य पाळत नाही म्हणून बोलणी खात राहतो. वजन फारसं नसलेल्या माणसात ही शंका घ्यावी म्हणून डॉक्टरांनी जीएडी अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीच्या त्या हल्ल्याची रक्तातली खूण) आणि सी-पेप्टाइड या दोन तपासण्या लिहून दिल्या. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार होताना जेवढं इन्सुलिन सुटतं तेवढंच सी-पेप्टाइडही सुटतं. त्यामुळे आपलं स्वतःचं इन्सुलिन किती बनतंय, हे त्यावरून कळतं. अँटिबॉडी निगेटिव्ह आल्या. सी-पेप्टाइड भरपूर होतं. म्हणजे इन्सुलिन बनत होतं, पण त्याचं ऐकायला कुणी नव्हतं. हे कळल्यावर माझ्या मनातली बरीच भुतं गेली.

मग मेटफॉर्मिन. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी जेवणासोबत, मग हळूहळू वाढवत. पहिले काही आठवडे पोटाने जो गोंधळ घातला तो लिहिण्यासारखा नाही. गोळी बदलून सावकाश विरघळणारी दिली तेव्हा शांत झाला. हे औषध मूळ गॅलेगा नावाच्या एका युरोपीय वनस्पतीच्या अभ्यासातून आलं. जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी १९५७ साली माणसांवरच्या वापराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेत मात्र त्याला परवानगी मिळायला १९९४ उजाडलं, कारण त्याच घराण्यातल्या फेनफॉर्मिनने रक्तात लॅक्टिक आम्ल वाढून माणसं दगावली होती. मेटफॉर्मिनमध्ये तो धोका फार कमी, मात्र मूत्रपिंडं नीट चालत असली पाहिजेत. वर्षानुवर्षं घेतलं तर बी१२ कमी होऊ शकतं, म्हणून तेही अधूनमधून तपासायचं. त्याचं मुख्य काम काय, तर लिव्हरला आवरणं.

ते लिव्हर काय करतं हे मी स्वतः पाहिलं. ग्लुकोमीटर आणल्यावर आधी नर्सने टोचायचं कसं ते शिकवलं. बोटाच्या टोकावर मधोमध नाही, कडेला, तिथे दुखतं कमी. पहिला थेंब पुसायचा. आणि हात धुतल्याशिवाय टोचायचं नाही. “सॅनिटायझरने भागवू नका, पाण्यानेच धुवा,” असं तिने दोनदा सांगितलं. मला हे अति वाटलं, म्हणून घरी संत्रं सोलून तशाच बोटाने तपासून पाहिलं. आकडा आला २६३. साबणाने हात धुतले, पुसले, दुसऱ्या बोटाला टोचलं. ११९. कातडीवर राहिलेला फळाचा रस त्या इवल्या थेंबात मिसळतो आणि यंत्र बिचारं तोही मोजतं. एखादा आकडा अचानक भलताच आला की घाबरण्याआधी हात धुवा, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

लिव्हरचा प्रयोग असा. रात्रीचं जेवण लवकर घेतलं. झोपताना मोजली, ११६. रात्रभर पाण्याशिवाय काही नाही. सकाळी उठल्या उठल्या मोजली, १४२. पुन्हा एकदा केलं, तीच कथा. पहाटे कॉर्टिसोल आणि वाढीचं संप्रेरक वाढतं, ते लिव्हरला साखर सोडायला सांगतं. निरोगी माणसात त्या वेळी इन्सुलिन थोडं वाढून ते झाकून टाकतं. माझ्यात झाकलं जात नव्हतं. ही २६ मिलिग्रॅमची चढ कुठल्याही घासातून आलेली नव्हती. ‘काय खाल्लंस’ या प्रश्नाला एवढं चोख उत्तर मला दुसरं मिळालं नाही. मेटफॉर्मिनचा डोस पूर्ण झाल्यावर सकाळचे आकडे ११५-१२०च्या आसपास येऊ लागले, तेव्हा गोळी नेमकी कुठे जाऊन काम करते ते डोळ्यांनी दिसलं.

स्नायूंची बाजू सेन्सरने दाखवली. दंडावर चिकटवायचा तो गोल बिल्ला, १४ दिवस चालतो. तो रक्तातली नाही तर पेशींभोवतालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे पाच-दहा मिनिटं मागे असतो. तेवढं लक्षात ठेवलं की झालं. तेच जेवण, तेवढंच, दोन वेगवेगळ्या दिवशी. जेवून खुर्चीत बसून राहिले तर आलेख १९४पर्यंत गेला. जेवून १५ मिनिटं बेताच्या वेगाने चालले तर १५८वर थांबला. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट बघत नाही. त्याच्या आकुंचनानेच साखर आत नेणारी प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर येतात. इन्सुलिनचा निरोप ऐकू येत नसला तरी हा रस्ता उघडा असतो. व्यायाम चांगला असतो हे वाक्य आयुष्यभर ऐकलं होतं आणि आयुष्यभर कानामागे टाकलं होतं. तो आलेख पाहिल्यावर मला कुणी काही सांगावं लागलं नाही. पुढे आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलायलाही लागले, कारण साखर साठवणारा सगळ्यात मोठा साठा स्नायूंचाच, आणि चाळिशीनंतर तो घटत जातो. खांद्यामुळे सुरुवातीला फक्त पायांचे व्यायाम.

खाण्याचं फार लिहीत नाही. पिष्टमय पदार्थ कमी केले, बंद नाही. भाज्या आणि प्रथिनं आधी खायची, धान्य शेवटी. त्यानेही आलेखाचा डोंगर बुटका होतो. फळं चावून खायची, रस नाही. मधुमेहींसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या वाटेला गेले नाही. खरा उद्देश होता लिव्हरमधली चरबी काढण्याचा. ब्रिटनमध्ये रॉय टेलर आणि माइक लीन यांनी केलेल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला जेमतेम साडेआठशे उष्मांकांवर ठेवलं होतं, आणि वर्षअखेर त्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या हद्दीबाहेर आली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात ८६ टक्के. मला तो मार्ग नको होता, डॉक्टरांनाही माझ्या वजनाला तो फार कडक वाटला. मी सावकाश गेले. वजनाचा साधारण दहावा हिस्सा उतरला.

सुरुवातीलाच काही तपासण्या करायच्या असतात, त्या लोक टाळतात, कारण साखरेचा आणि त्या अवयवाचा संबंध डोळ्यांसमोर येत नाही. निदान होतं तेव्हा साखर बरीच वर्षं वाढलेली असू शकते, म्हणून ‘आत्ताच तर झालाय’ हे कारण चालत नाही. डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या करतात आणि पडदा बघतात. पुढचे काही तास उजेड टोचतो, गाडी चालवता येत नाही, कुणाला तरी सोबत न्यावं. लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन गळतंय का ते पाहतात. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल हे तर साखरेइतकेच महत्त्वाचे, कारण हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं खरं नुकसान हे तिघं मिळून करतात. माझी कोलेस्टेरॉलची गोळी त्याच महिन्यात सुरू झाली.

पायांची तपासणी मला आवडली, तिच्यात यंत्रच नव्हतं. पलंगावर आडवं करून डोळे मिटायला सांगितले. नर्सच्या हातात नायलॉनचा एक जाडसर धागा होता, मुठीला बसवलेला. तो तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा, तेवढ्याने बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. “लागलं की ‘हो’ म्हणा.” अंगठा, हो. चवडा, हो. करंगळीच्या खाली, हो. मध्येच ती मुद्दाम थांबायची, मी अंदाजाने ‘हो’ म्हणते का ते पाहायला. मग हाडावर कंप पावणारा चिमटा टेकवला आणि कंप थांबल्याचं कधी कळतं ते विचारलं. सगळं शाबूत होतं. शेजारच्या पलंगावरच्या आजोबांना दोन्ही तळव्यांना काहीच कळत नव्हतं आणि ते नर्सला विचारत होते, “सुरू केलंत का?”

वर्षभरात एचबीए१सी ६.२वर आला. खांदाही दरम्यान सुटला. तो स्वतःच्या वेळापत्रकाने सुटतो, त्याचं श्रेय कुणी घेऊ नये. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन बंद करून बघू म्हटलं. गोळी थांबवून किमान तीन महिन्यांनंतरही एचबीए१सी ६.५च्या खाली राहिला तर त्याला रेमिशन म्हणायचं, असं २०२१ साली तज्ज्ञांनी ठरवलं आहे. माझा ६.३ आला. घरात आनंद झाला. डॉक्टर मात्र तपासणीच्या तारखा लिहीत बसल्या.

त्यांचं बरोबर होतं. पुढच्या वर्षी ६.६, मग ७.१. वजन तेच, चालणं तेच, जेवण तेच. मी वहीतल्या नोंदी पुढे केल्या, तेव्हा त्यांनी त्या बाजूला ठेवून ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासाबद्दल सांगितलं. १९७७ साली सुरू झालेला, नवीन निदान झालेल्या पाच हजारांहून जास्त लोकांचा, निष्कर्ष आले १९९८ साली. त्यात दिसलं की निदानाच्या वेळीच बीटा पेशींचं काम जवळपास निम्म्यावर आलेलं असतं आणि पुढेही ते उतरत जातं. त्याच अभ्यासात हेही दिसलं की साखर कडक ताब्यात ठेवलेल्यांमध्ये डोळे आणि मूत्रपिंडांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी कमी झाले, आणि सुरुवातीच्या त्या वर्षांचा फायदा अभ्यास संपल्यावर दहा वर्षांनीही टिकून होता. औषध वाढलं म्हणजे रुग्ण नापास झाला, असा अर्थ निघत नाही. आई इन्सुलिन घ्यायला वर्षानुवर्षं नाही म्हणत राहिली ती याच समजुतीपायी. इन्सुलिन म्हणजे शेवट, असं तिला वाटायचं. त्या ऐवजी ती जास्त डोसच्या गोळ्यांवर राहिली, साखर मध्येच खाली घसरायची, दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे, आणि आम्ही घाईने ग्लुकोज पाजायचो.

माझी मेटफॉर्मिन परत सुरू झाली आणि सोबत एसजीएलटी२ गटातली एक गोळी. हिचं काम मला फार आवडलं. आधी सांगितलं तसं, मूत्रपिंडं गाळलेली साखर परत आत ओढून घेतात. ही गोळी ते ओढणंच रोखते. साखर सरळ लघवीतून बाहेर. इन्सुलिनचा यात संबंधच नाही. असं करणारा पहिला पदार्थ, फ्लोरिझिन, सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली वेगळा काढला होता. त्यावरून औषध व्हायला पावणेदोनशे वर्षं लागली. २०१५ पासूनच्या चाचण्यांत या गटाने हृदय आणि मूत्रपिंडांचंही रक्षण होतं असं दिसलं, म्हणून आता केवळ साखरेसाठी ती देत नाहीत. पाणी भरपूर प्यावं लागतं. जननेंद्रियांच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे स्वच्छतेकडे लक्ष हवं. उलट्या-जुलाब, लांबलेला उपास किंवा ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारून ती आधी थांबवायची, नाहीतर रक्तातली साखर फार वाढलेली नसतानाही किटोन, म्हणजे चरबी जळताना बनणारी आम्लं, वाढून जिवावर बेतू शकतं.

तिच्यामुळे एकदा गंमतही झाली. विम्यासाठीच्या तपासणीत लॅबमधला मुलगा बाहेर आला, चेहरा पडलेला. “मॅडम, लघवीत साखर चार प्लस आहे. ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.” मी गोळीचं नाव सांगितलं. त्याने ते कागदावर लिहून घेतलं, पुन्हा आत गेला आणि कुणाला तरी विचारून आला. मगच त्याने मला जाऊ दिलं. लघवीत साखर नसती तर गोळी काम करत नाही असं झालं असतं, हे त्याला पटवायला मला जमलं नाही.

आता ताईचं. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, माझ्याहून बारीक. आईला होता, मला झाला, म्हणजे तिने तपासायलाच हवं होतं. पण ती म्हणे, “मी चहातसुद्धा साखर घालत नाही. मला कशाला होईल?” मी याज्ञिक-युडकिनांचा फोटो दाखवला, त्याने काही झालं नाही. शेवटी मी माझ्या तपासणीच्या दिवशी तिला सोबत म्हणून नेलं आणि तिथेच तिचंही रक्त द्यायला लावलं. एचबीए१सी ५.९. मधुमेह नाही, पण ५.७ ते ६.४ हा जो मधुमेहाच्या आधीचा पट्टा आहे त्यात.

डॉक्टरांनी तिला अमेरिकेतल्या २००२ सालच्या चाचणीचे आकडे सांगितले. अशाच, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून जास्त लोकांपैकी ज्यांनी वजन ७ टक्के उतरवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याचं उद्दिष्ट धरलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. नुसत्या मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी.

ताईने क्षणभर हिशेब केला. “मग ती ३१वाली गोळीच द्या ना. चालायला कोण जाणार?”

“ती गोळी तरुण आणि जास्त वजनाच्या लोकांत बरी चालली, किंवा तुमच्या बहिणीसारख्या, गरोदरपणात शुगर वाढलेल्या बायकांत,” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्ही आधी चाला. वर्षाने पुन्हा तपासू. आकडा वर गेलेला असला तर गोळीचं बोलू.”

“आणि खाली आला तर?”

“तर पुढच्या वर्षी पुन्हा तपासू.”